शुश्रूषा : एका विसरलेल्या अर्थाचा इतिहास

शुश्रूषा हा शब्द आपण नित्य वापरतों. रोग्याची शुश्रूषा, वृद्ध मातापित्यांची शुश्रूषा, हे प्रयोग आपल्या इतके अंगवळणीं पडले आहेत कीं, या शब्दाच्या पोटांत 'श्रु' म्हणजे ऐकणें हा धातु दडलेला आहे, आणि व्याकरणदृष्ट्या शुश्रूषा म्हणजे 'ऐकण्याची इच्छा' होय, ही गोष्ट संस्कृताचा विद्यार्थी सोडला तर सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. अर्थात् या शब्दाचा प्रवास आम्हांस ठाऊक आहे. गुरूचें ऐकणें, म्हणून त्याच्या आज्ञेंत राहणें, म्हणून त्याची सेवा करणें, अशा पायऱ्यांनीं तो रोग्याच्या खाटेपर्यंत येऊन पोंचला. त्याला प्रथम रूप देणाऱ्यांच्या मनांत रुग्णसेवेचें कांहीं तत्त्व होतें, असा दावा करण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. तरीपण शब्दांच्या हातून कधीं कधीं त्यांच्या कर्त्यांना न सुचलेलें शहाणपण घडतें. ज्याची सेवा करावयाची त्याचें आधीं ऐकून घ्यावें, ही गोष्ट भाषेनें जपून ठेविली. आपण मात्र ती विसरलों.

हल्लीं रुग्णसेवेच्या व समाजसेवेच्या शास्त्रांत एक विचार प्रतिष्ठा पावला आहे. रोगी आला म्हणजे त्याची नाडी, ताप व रक्त तपासून भागत नाहीं. त्याच्या मनाची स्थिति, त्याच्या घरची रीतभात, त्याची श्रद्धा अथवा अश्रद्धा, यांपैकीं कशाकशाचा आधार त्याला हवा आहे याचीही पद्धतशीर विचारपूस झाली पाहिजे, असा हा विचार आहे. आमच्या परिचयाचे कांहीं तरुण डॉक्टर याला परदेशी टूम समजतात, तर कांहीं वृद्ध गृहस्थ 'आमच्याकडे हें सारें पूर्वींच होतें' असें म्हणून मिशीवर हात फिरवितात. दोन्ही पक्षांस इतिहासाकडून थोडें शिकण्यासारखें आहे.

प्रथम वृद्धांच्या म्हणण्याचा विचार करूं. चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. रोगी हा तेथें उपचाराचा विषय नसून उपचाराचा चवथा खांब आहे, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. त्याच्या अंगच्या गुणांत 'ज्ञापकत्व', म्हणजे आपणांस काय होतें हें सांगतां येणें, हा एक गुण गणला आहे. आणि परिचारकाच्या गुणांत कौशल्य व शुचिता यांबरोबर 'अनुराग', म्हणजे रोग्याविषयींचा जिव्हाळा, हाही आला आहे. याच ग्रंथांत उपचारगृहाची सिद्धता कशी असावी हें सांगतांना गाणारे, वाजविणारे, आख्यानें व पुराणें सांगणारे लोक जवळ असावे असें म्हटलें आहे. रोग्याच्या मनाचा इतका विचार दोन हजार वर्षांपूर्वींच्या परंपरेनें केला, याचा अभिमान कोणास वाटला तर तो अस्थानीं नाहीं. परंतु तेथेंच हेंही स्पष्ट सांगितलें आहे कीं, हा सारा सरंजाम राजाकरितां, राजासारख्या माणसाकरितां अथवा विपुल द्रव्य असणाऱ्याकरितां आहे. दरिद्री माणसानें संकट आलें असतां मिळेल त्या औषधावर निभावावें, असा तेथला व्यवहारी सल्ला आहे. तेव्हां 'पूर्वींच होतें' हें खरें. पण कोणासाठीं होतें, हें विचारल्याशिवाय अभिमान बाळगणें बरें नव्हे.

आतां ज्या काळाकडे वाचकांचें लक्ष आम्हांस मुख्यतः वेधावयाचें आहे तो काळ इतका जुना नाहीं. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनीं एका विलक्षण तापाचें निदान केलें, आणि हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, असल्याचें जाहीर केलें. दोनच वर्षांपूर्वीं, १८९४ सालीं, हाँगकाँगमध्यें यर्सें यांनीं या रोगाचा जंतु शोधून काढला होता. जंतु सांपडला होता, पण तो माणसाच्या शरीरांत शिरतो कसा हें कळलेलें नव्हतें. अर्धें ज्ञान आणि पूर्ण अधिकार यांची जोडी किती घातक होते, याचें उदाहरण पुढच्या दोन वर्षांत मुंबई इलाख्यानें पाहिलें.

ऑक्टोबरच्या आरंभीं मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनीं रोग्यांस सक्तीनें इस्पितळांत नेण्याचा हुकूम काढला. आर्थर रोडवरील इस्पितळाविषयीं गिरणगांवांत नाना वावड्या उठल्या. तेथें गेलेला माणूस परत येत नाहीं, तेथें माणसें मारून त्यांची 'मोमियाई' काढतात, असें लोक बोलूं लागले. महिनाअखेर सुमारे हजार गिरणीकामगारांनीं त्या इस्पितळावर हल्ला केला. इंग्रजी पत्रांनीं याला अडाण्यांचा दंगा म्हटलें, व आमच्यांतील कित्येक सुशिक्षितांसही तें पटलें. परंतु त्या अफवेच्या मुळाशीं काय होतें? घाटावरून अथवा कोंकणांतून आलेला मजूर चाळीच्या एका खोलींत गांवकऱ्यांसमवेत राहत होता. तो आजारी पडला कीं, अनोळखी माणसें त्याला उचलून नेत. तेथें त्याला कोण पाणी पाजतो, तो शेवटीं काय बोलला, त्याच्या देहाचें काय झालें, यांतलें कांहींच मागें राहिलेल्यांना कळत नसे. ज्या प्रश्नांची उत्तरें कोणी देत नाहीं, त्यांचीं उत्तरें माणूस स्वतः रचतो; आणि भीतीनें रचलेलें उत्तर नेहमींच भयंकर असतें. अफवा ही अज्ञानाची कन्या खरी, पण तिचें पालनपोषण मौनानें होतें.

४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा सरकारला हवे ते उपाय योजण्याची मुभा देत होता. ज्याच्यावर ते उपाय योजावयाचे त्याच्याविषयीं त्यांत एक अक्षर नव्हतें. याच कायद्याच्या बळावर त्या वर्षीं मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत पुण्यांत वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग कमिटीनें घरझडत्या चालविल्या. त्या कामास गोरे शिपाई लावले होते. ते शिस्तीचे व लांच न खाणारे म्हणून निवडले, असें रँड यांचें म्हणणें होतें. आणि लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, भावनांस जपावें अशा सूचनाही कागदावर होत्या. न्यायबुद्धीनें हें सांगितलेंच पाहिजे. पण सूचना पाळावयाची कोणीं? ज्याला घरांतल्या माणसांची भाषा कळत नाहीं, ओसरी कोठें संपते व देवघर कोठें सुरू होतें हें ज्याला ठाऊक नाहीं, अशा वीस वर्षांच्या शिपायानें! बुटांसह तो माजघरांतून स्वयंपाकघरांत व तेथून देवापाशीं गेला. त्यानें रोग शोधला. पण घराला घरपण देणारी प्रत्येक रेषा ओलांडूनच त्यानें तो शोधला. जांघेंत अथवा काखेंत गांठ आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं बायकांनाही रस्त्यावर वा स्टेशनावर उभें करीत, अशी त्या वेळच्या मराठी पत्रांची तक्रार होती. घरांतील एकास रोग झाला तर बाकीचे छावणींत जात, व सामानसुमानाची होळी होई. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवूं लागले, प्रेतें लपवूं लागले. आजाऱ्याचें कण्हणें शेजाऱ्यांस ऐकूं जाऊं नये म्हणून धडपडणारें घर, हें शुश्रूषेचें नेमकें उलटें चित्र होय.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. २२ जून १८९७ च्या रात्रीं, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाहून परततांना गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांवर गोळ्या झाडण्यांत आल्या. आयर्स्ट जागींच मरण पावले, रँड ३ जुलै रोजीं. दामोदर हरि चापेकर यांस १८९८ च्या एप्रिलांत फांशी झाली. टिळकांस राजद्रोहाच्या आरोपाखालीं दीड वर्षाची शिक्षा झाली. या घटनांचें राजकीय विवेचन अनेकांनीं केलें आहे. तें आमचें प्रस्तुत कार्य नव्हे. आम्हांस येथें एका बाजूला पडलेल्या, परंतु आमच्या मतें अधिक बोलक्या, प्रसंगाचें स्मरण करून द्यावयाचें आहे.

त्या उन्हाळ्यांत गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं विलायतेंत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवरून त्यांनीं तेथें जाहीरपणें सांगितलें कीं, शिपायांनीं दोन स्त्रियांवर अत्याचार केले व त्यांपैकीं एकीनें जीव दिला. सरकारनें पुरावा मागितला. गोखले परत आले तेव्हां पुरावा उभा राहीना, आणि त्या स्वाभिमानी पुरुषास जाहीर माफी मागावी लागली. पत्रें लिहिणाऱ्यांचीं नांवें त्यांनीं सांगितलीं नाहींत. अपमान एकट्यानें सोसला. पंडिता रमाबाईंनींही पुण्याच्या प्लेग-इस्पितळांतील मुलीबाळींच्या असुरक्षिततेविषयीं त्याच वर्षीं मे महिन्यांत जाहीर पत्र लिहिलें होतें. यांतील प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी घडली होती असा निर्णय देण्यास आम्ही बसलों नाहीं. आम्ही एवढेंच विचारतों कीं, त्या काळच्या पुण्यांत कोणती स्त्री, आणि कोणाच्या समोर, अशी साक्ष देणार होती? कांहीं दुःखें अशीं असतात कीं, तीं सांगण्याची किंमत सोसण्याच्या किंमतीहून अधिक असते. 'पुरावा नाहीं' या दोन शब्दांत अशीं किती दुःखें गाडलीं गेलीं असतील! म्हणूनच 'ज्यास कांहीं त्रास असेल त्यानें कळवावें' अशी पाटी लावून शुश्रूषेचें कर्तव्य संपत नाहीं. सांगणाराला सांगण्याजोगी जागा, सांगण्याजोगें माणूस आणि सांगितल्यावर अब्रू शाबूत राहील अशी खात्री, हीं तिन्ही आधीं निर्माण करावीं लागतात.

मुंबईंतही हाच धडा निराळ्या रीतीनें मिळाला. १८९८ च्या मार्चमध्यें मुसलमान जुलाहा विणकरांच्या वस्तींत एका मुलीच्या तपासणीवरून विरोध झाला व दंगल पेटली. प्रत्येक वेळीं ठिणगी कोठें पडली हें पाहावें : स्त्रीदेह, देवघर, प्रेत. म्हणजे जेथें माणसाची लाज, श्रद्धा व शोक राहतात तेथें. औषधाला म्हणून कोणी क्वचितच विरोध करीत होतें. विरोध होता तो विचारल्याशिवाय स्पर्श करण्याला.

आणि ज्यासाठीं हा सारा जुलूम केला तो उपायही बहुतांशीं चुकीचा ठरला, हें या कथेंतील सर्वांत दुःखद कलम आहे. १८९८ मध्यें पॉल-लुई सिमों यांनीं उंदरावरील पिसवांच्या द्वारें हा रोग पसरतो असें दाखविलें. त्यांचें म्हणणें प्रथम कोणीं फारसें मनावर घेतलें नाहीं, पण १९०५ नंतर हिंदुस्थानांतील संशोधनानेंच तें सिद्ध झालें. गांठीचा प्लेग प्रायः माणसाकडून माणसाला होत नाहीं. रोग्याला घरच्यांच्या हातून ओढून नेलें, तेव्हां पिसवा मात्र त्या घरांत तशाच राहिल्या! पुढें सरकारनेंही सक्तीचा हात सैल केला. जातवार व पंथवार इस्पितळें काढण्यास मुभा मिळाली. स्वेच्छेनें घरें सोडून मोकळ्या जागेंत राहणें आणि हाफकिन यांची लस टोंचून घेणें, यांवर भर आला. पुण्यांत टिळकांनीं हिंदु प्लेग-इस्पितळ काढलें होतें. शहर सोडून पळणाऱ्या पुढाऱ्यांवर कोरडे ओढून ते स्वतः तेथेंच राहिले. अशा इस्पितळांत लोक कमी भीतीनें जात, कारण तेथें पाणी कोण देतो हें त्यांना ठाऊक असे.

येथपर्यंत आमचें विवेचन वाचून आमच्या वृद्ध मित्रांस समाधान वाटलें असेल. परंतु गोष्ट येथें संपत नाहीं. ज्याची त्याची जात पाहून इस्पितळ, ही व्यवस्था लोकभावना राखणारी खरी. पण ज्यांच्या हातचें पाणी कोणीच घेत नव्हतें त्यांची भावना कोणीं राखली? या प्रश्नाचें उत्तर त्याच साथींत एका वृद्ध स्त्रीनें आपल्या देहानें दिलें. सावित्रीबाई फुले यांनीं डॉक्टर झालेला आपला पुत्र यशवंत यास बोलावून घेतलें व पुण्याबाहेर माळावर रोग्यांसाठीं दवाखाना उघडविला. मुंढव्याच्या महारवाड्यांतील एका प्लेग झालेल्या मुलास पाठीवर घेऊन त्या तेथवर आल्या, त्यांस रोग जडला, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या निवर्तल्या. रँड कमिटीच्या झडत्या पुण्यांत सुरू होण्यापूर्वीं थोडेच दिवस आधीं हें घडलें. एका बाजूस कायदा माणसाला उचलून नेत होता, दुसऱ्या बाजूस सावित्रीबाईही एका मुलाला उचलून नेत होत्या. उचलणें एकच, परंतु एकांत रोग उचलला जात होता, दुसऱ्यांत मूल.

तेव्हां 'संस्कृतीची गरज' हा शब्द जपून वापरावयास हवा. रोग्याच्या जातीची मागणी व रोग्याची गरज या दोन भिन्न वस्तु आहेत. पहिली पंचांगांत व रूढींत सांपडते. दुसरी केवळ रोग्यालाच विचारावी लागते. एक ब्राह्मण गीतेचा अध्याय ऐकण्याची इच्छा करील, तर दुसरा, शेजारच्या खाटेवरचा, देवाचें नांव काढल्यास चिडेल आणि क्रिकेटचा निकाल विचारील. दोघांच्या प्रवेशपत्रिकेवर धर्माच्या रकान्यांत मात्र एकच शब्द असेल.

पश्चिमेकडेही ही दृष्टि एका दिवसांत आली नाहीं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं १८५९ च्या सुमारास शुश्रूषेवर लिहिलेल्या पुस्तकांत गोंगाटावर, एकसुरी भिंतींना कंटाळलेल्या रोग्याच्या मनावर, आणि भेटीस येऊन पोकळ धीर देणाऱ्या आप्तांवर स्वतंत्र प्रकरणें लिहिलीं. पण ज्यांनीं या विचाराला शास्त्राचें रूप दिलें त्या सिसिली सॉन्डर्स या बाई प्रथम परिचारिका, मग रुग्णालयांतील समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर, अशा तीन वाटांनीं रोग्यापाशीं पोंचल्या होत्या. मरणोन्मुख रोग्याची वेदना ही शरीराची, मनाची, संसाराच्या काळजीची आणि आत्म्याच्या अस्वस्थतेची मिळून एकच 'समग्र वेदना' असते, असें त्यांनीं प्रतिपादिलें व १९६७ सालीं लंडनमध्यें सेंट ख्रिस्तोफर नांवाचें शुश्रूषागृह उघडलें. पोलंडांतून आलेला एक निर्वासित ज्यू रोगी, डेव्हिड टास्मा, १९४८ मध्यें मरतांना, त्यांच्या भावी गृहाला एक खिडकी व्हावी म्हणून त्यांना पांचशें पौंड देऊन गेला होता. आपल्याकडे १९८६ मध्यें मुंबईच्या वांद्रे भागांत 'शांति अवेदना सदन' हें अशा प्रकारचें देशांतील पहिलें गृह निघालें. २००२ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें अशा शुश्रूषेची व्याख्या केली तींत शारीरिक दुःखांबरोबर मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक दुःखांची वेळींच व नीट पारख करणें हा भाग घातला. त्यासाठीं प्रश्नावल्याही तयार झाल्या आहेत. त्यांतील प्रश्न साधेच असतात : तुम्हांस बळ कशानें येतें? त्याचें तुमच्या आयुष्यांत काय स्थान आहे? तुमचीं माणसें कोण? आम्हीं त्यासंबंधीं काय करावें असें तुम्हांस वाटतें? हें वाचून कोणी म्हणेल, हें तर कोणतीही शहाणी आजी विचारील. खरें आहे. परंतु इस्पितळांत आजी नसते. म्हणून शास्त्राला तिचें काम शिकावें लागतें.

येथें एक घरगुती अनुभव सांगण्याची वाचकांनीं आम्हांस मुभा द्यावी. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका वृद्ध आत्याबाईंस इस्पितळांत ठेवावें लागलें. दोन दिवस त्यांनीं अन्नास स्पर्श केला नाहीं. डॉक्टर म्हणाले, हें वार्धक्यांतील औदासीन्य. नळीनें अन्न घालावें लागेल. आम्ही घरचे तिघे पदवीधर खाटेभोंवतीं उभे होतों व मान हालवीत होतों. रात्रपाळीला एक आया होती. अशा बायांना आपल्याकडे सर्व रोगी 'मावशी' म्हणतात. इस्पितळांत नात्याचा शब्द शिरला तो त्यांच्याच रूपानें. तिनें सहज विचारलें, "आजी, जेवत कां नाहीं?" आत्याबाई म्हणाल्या, "अगं, तें भांडं आधीं हलव." शौचाचें भांडें खाटेखालीं, आणि ताट त्याच्याच शेजारच्या तिवईवर, असा प्रकार दोन दिवस चालला होता. मावशीनें भांडें नेलें, तिवई धुतली, आत्याबाईंचें तोंड पुसलें आणि घांस भरविले. त्या जेवल्या. मावशीची जात त्यांनीं विचारली नाहीं. साठ वर्षांपूर्वीं त्या विचारल्याशिवाय राहिल्या नसत्या, हें आम्हांस पक्कें ठाऊक आहे. त्यांची गरज सोंवळ्याची आहे असें आम्ही समजलों असतों, तर तीही चूकच ठरली असती. त्यांस हवा होता तो मान. आणि तो कोणाच्या हातून येतो याची त्यांना पर्वा नव्हती.

मार्च २०२० मध्यें नव्या साथीच्या वेळीं १८९७ चा तोच चार कलमांचा कायदा पुनः बाहेर काढण्यांत आला. या वेळीं रोग माणसाकडूनच माणसाला होत होता, त्यामुळें विलगीकरण अन्याय्य होतें असें आम्ही म्हणत नाहीं. शिपायांच्या ठिकाणीं या वेळीं आपलेच डॉक्टर व परिचारिका होत्या, आणि त्यांतील अनेकांनीं आपले प्राण वेंचले. तरीही कित्येक घरांत अखेरचा शब्द ऐकावयास कोणी नव्हतें, आणि अंत्यदर्शनाविना अग्नि द्यावा लागला. कोठें कोठें एखाद्या परिचारिकेनें आपला टेलिफोन रोग्याच्या चेहऱ्यासमोर धरला व घरच्यांचा आवाज त्याला ऐकविला. कायद्यांत हें लिहिलेलें नव्हतें. तिनें शुश्रूषा केली, शब्दाच्या मूळ अर्थानें.

सव्वाशें वर्षांच्या या इतिहासाचें सार आम्हांस असें दिसतें. सक्ति कधीं कधीं अपरिहार्य असते, पण मौन कधींच अपरिहार्य नसतें. रोग्याला नेणें भाग असेल तर न्यावें. परंतु कोठें नेतों, त्याच्यापाशीं कोण राहील, त्याला काय हवें आहे, हें विचारण्यास व सांगण्यास घटकेहून अधिक वेळ लागत नाहीं. १८९७ मध्यें ती घटका कोणीं दिली नाहीं, आणि तिची किंमत एका पिढीनें भरली. आज आपल्या इस्पितळांच्या प्रवेशपत्रिकेंत पुष्कळ रकाने आहेत. त्यांत आणखी एक रकाना असावा, आणि तो भरण्यापूर्वीं लिहिणाऱ्यानें लेखणी खालीं ठेवून क्षणभर रोग्याकडे पाहावें, एवढीच आमची मागणी आहे.